बिरोबाचा उजवा हात

संध्याकाळची मॅच निवांत बघायला मिळावी म्हणून मी माझ्या आईला पटवून दिलं, की ती रोज टीव्हीवर बघते तो पेट्या उघडायचा खेळ म्हणजे शुद्ध जुगार आहे.

घोळ एवढाच झाला, की ते तिला पटलं.

एरवी माझं म्हणणं आमच्या घरात कुणाला पटत नाही. मी हायस्कूलला गणित शिकवतो. ईट गावच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी पोरांना मी अपूर्णांक पाजलेत. पण घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं कामसुद्धा माझ्यावर सोपवत नाहीत. त्यामुळं माझं बोलणं आईच्या गळी उतरेल अशी भीती मला वाटलीच नव्हती. आपण कुरकुर करावी, तिनं चार शब्द सुनवावेत, आणि त्या गडबडीत रिमोट आपल्या हाताशी यावा, इतकाच माझा साधा बेत होता.

तो खेळ असा, की गावोगावच्या बायका स्टेजवर येतात. सूत्रसंचालक पोरगा गोड बोलणारा, दात पांढरेशुभ्र. समोर रंगीत पेट्या मांडलेल्या. बाईनं एक पेटी निवडायची. आत फ्रीज निघतो, पैठणी निघते, नाही तर नुसता भोपळा निघतो. भोपळा निघाला की सगळे हसतात, ती बाईपण हसते, आणि पुढची बाई येते. आई हा खेळ बघायची म्हणजे नुसती बघत नसायची. ती त्यात शिरायची. "आगं ती हिरवी घे, हिरवी! हिरवीत हाय!" असं टीव्हीला ओरडून सांगायची. त्या बाईनं निळी घेतली आणि भोपळा निघाला, की आई माझ्याकडं वळून, जणू मीच ती बाई, "म्या म्हणत नव्हते का?" असं विचारायची. हिरवीत नंतर काय निघायचं हे दाखवतच नसत, त्यामुळं आईचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नव्हता.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, "आये, त्या बाईनं ह्यात केलं काय?"

"काय म्हंजे?"

"म्हंजे तिला प्रश्न इचारला का? पळायला लावलं का? निदान गाणं तरी म्हणायला लावलं का? नुसती पेटी निवडायची. लागलं तर लागलं, न्हाय तर गेलं. ह्यालाच जुगार म्हणतेत. मटका काय येगळा आसतोय?"

वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरानं जांभई दिली की मला चेव येतो. इथं तर आई चक्क कान देऊन ऐकत होती. मी वाहवत गेलो. लोक मोबाइलवरून त्या खेळात नाव नोंदवतात, लाखातून एकाचं नाव निघतं, बाकीचे हात चोळत बसतात, आणि मधल्या मधे कंपन्यांच्या जाहिराती होतात. हे सगळं मी खडूनं फळ्यावर लिहावं तसं हातवारे करून सांगितलं. पलीकडं माझी बायको ज्वारी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, त्यांची मॅच लागलीय."

पण आईनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "आसं आसतंय व्हय," म्हणाली आणि उठून आत गेली.

जुगार हा शब्द आमच्या घरात असा सहज वापरायचा नसतो, हे मला चांगलं माहीत होतं. नेमकं तेच त्या दिवशी डोक्यातून गेलं. माझं लहानपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर चढायचं: भांडी, वाकळा, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर मी. एका वर्षी वाटेत कुठल्याशा मुक्कामाला माझे वडील तीन पत्ती खेळायला बसले आणि घोडी हरून आले. त्या सालात आईनं बिऱ्हाड डोक्यावर वाहिलं. मी तिच्या कडेवर होतो. मला त्यातलं फक्त एवढंच आठवतं, की घोडीपेक्षा आई जास्त हलायची.

गावी परतल्यावर आईनं वडिलांना सरळ बिरोबाच्या देवळात नेलं आणि भंडारा उचलायला लावला. आमच्यात देवापुढची हळद उचलून शब्द दिला की तो मोडायची सोय नसते. "ह्या घरातलं कुणी जुगाराला शिवणार न्हाय," असा तो शब्द. तिनंही उचलला, आणि माझ्या मुठीतही चिमूटभर हळद दिली. वडिलांनी तो शब्द इतका पाळला, की गणपतीत पोरांनी सोरट काढलं तरी ते पाठ करून बसायचे. जत्रेत साबणाच्या वडीवर रिंग टाकायचा माझा हट्ट त्यांनी कधी पुरवला नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो भंडारा आमच्या घरात अजून जागा आहे.

तर मी आईच्या करमणुकीला नेमका तोच शब्द चिकटवला. दुसऱ्या दिवशी खेळाच्या वेळेला आई टीव्हीकडं पाठ करून लसूण सोलत बसली. तिसऱ्या दिवशीही लसूणच. घरात इतका लसूण झाला की बायकोनं तो शेजारी वाटला. मला मॅच बघायला मोकळं रान मिळालं, पण मजा येईना. चौकार गेला तरी मागून कुणी "म्या म्हणत नव्हते का?" म्हणत नव्हतं.

आणि मग फोन आला.

झालं होतं असं, की माझ्या जुगाराच्या व्याख्यानाच्या बऱ्याच आधी बायकोनं एक उद्योग करून ठेवला होता. आई टीव्हीला ओरडून पेटी सांगतेय, असं चोरून मोबाइलवर शूटिंग करून तिनं ते त्या खेळवाल्यांना पाठवलं होतं. आता ते लोक धाराशिवला मैदानावर खेळ घेऊन येणार होते आणि त्यांना त्या ओरडणाऱ्या आजी स्टेजवर पाहिजे होत्या.

बायको फोन ठेवून जवळपास नाचतच आत आली. "आत्या! तुमाला बोलवलंय! पेटी उघडायला!"

आईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. तिचा चेहरा मी त्या वेळी बघितला आणि मला खरंच वाटलं, की असा चेहरा मी तिचा कधीच बघितला नव्हता. माझ्या लग्नात नाही, मला नोकरी लागली तेव्हा नाही. वयानं एवढी मोठी बाई, पण तोंड असं झालं जसं जत्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदा बसलेल्या पोरीचं होतं. ते तोंड तसं राहिलं असेल क्षणभर. मग ते बंद झालं.

"म्या न्हाय येत," आई म्हणाली. "जुगार हाय त्यो."

"कोण म्हणलं?"

"तुजा नवरा."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिच्या हातात त्या वेळी ज्वारीचं सूप नव्हतं, म्हणून मी वाचलो.

"निस्तरा आता," ती म्हणाली. "तुमीच केलंय, तुमीच निस्तरा."

जी गोष्ट मी चहाच्या एका कपात सिद्ध केली होती, ती खोटी ठरवायला मला पुढचे कितीतरी चहा लागले. मी म्हणालो, "आये, म्या चुकलो. जुगार आन् नशीब ह्यात फरक आसतो. नशिबाचं तर गणित आसतं. आमच्या धाव्वीच्या पुस्तकात अख्खा धडा हाय. नाणं फेकलं तर काय, फासा टाकला तर काय, पत्त्याच्या कॅटातून एक्का निघायला..."

"पत्त्याच्या?" आई सरळ बसली.

"व्हय, म्हंजे हिशोबापुरतं..."

"तू शाळंत पोरास्नी पत्ते शिकवतोस?"

तिथून पुढं मला नशिबाच्या गणितावर एक अक्षर बोलता आलं नाही. उलट, मास्तर पोरांना वर्गात पत्ते आणि फासे शिकवतो ही बातमी आईनं काळजीपोटी आमच्या गल्लीत दोन-तीन ठिकाणी सांगितली. एका पालकानं तर मला खव्याच्या भट्टीवर गाठून विचारलं, "मास्तर, आमच्या पोराला रमी कवा घेणार?"

बायकोनं आपल्या परीनं प्रयत्न केला. "आत्या, आमची भिशी आसती. डब्यातून चिठ्ठी निघती, ज्येचं नाव निघंल त्येचं. मग त्ये बी जुगार म्हणायचं का?"

आईनं विचार केला. "न्हाय. भिशीत आज न्हाय तर उद्या, समद्यांची पाळी येती. कुणी उपाशी उठत न्हाय."

"मग ह्या खेळात तरी कोण उपाशी उठतंय?"

ह्यावर आईनं लसूण पुढं ओढला. पण तिच्या नकारात थोडी फट पडली होती हे माझ्या लक्षात आलं. कारण त्याच दुपारी तिनं ट्रंकेतून तिचं हिरवं इरकली लुगडं काढलं, दोरीवर वारं द्यायला टाकलं, आणि मी बघितल्यावर "कसर लागती घडीला" असं कुणी न विचारता सांगितलं. तिला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण ज्या हळदीसाठी तिनं नवऱ्याला आयुष्यभर पाठ करून बसवलं, ती हळद तिला स्वतःच्या हौसेसाठी मोडायची नव्हती. ह्या दोन्हीच्या मधे मी माझी मॅच घेऊन बसलो होतो.

शेवटी आईनंच तोडगा काढला. "बिरोबाला इचारू," म्हणाली. "कौल लावू. द्येव म्हणंल तसं."

ज्यांच्याकडं कौल लावत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या मूर्तीला पाणी लावून दोन फुलं चिकटवायची, छातीच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक. मग प्रश्न विचारायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवं फूल आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. आमचे चुलते तिथले पुजारी. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. आमच्या भावकीत रीत अशी, की प्रश्न आण्णांनी घालायचा, पण फुलं त्यानं लावायची ज्याच्यामुळं शंका निघाली. म्हणजे मी.

हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अशा उजेडापासून मी पुढं सावध राहायला शिकलोय, पण तेव्हा नव्हतो शिकलो. मी म्हटलं, फुलं आपल्याच हातात आहेत तर देवाला उगीच विचारात कशाला पाडायचं? उजवं फूल नुसत्या पाण्यावर लावायचं, ते लगेच पडेल. डाव्याखाली नैवेद्यातल्या पेढ्याचा चिमूटभर तुकडा दाबायचा. आमच्या भूम भागातला पेढा, भट्टीवर आटवलेल्या खव्याचा. तो टाळ्याला लागला तर जेवण होईस्तोवर सुटत नाही, तर फूल काय सुटतंय? होकार नक्की. आई लुगडं नेसणार, स्टेजवर जाणार, आणि माझ्या मॅचचं पाप धुऊन निघणार.

देवळाकडं जाताना बायको माझ्या कानाशी म्हणाली, "दोन फुलं, त्यातलं कुठलं पडंल त्ये ठाव न्हाय, आन् समदे टक लावून बघत्यात. ह्येला काय म्हणायचं मग?"

"गप," मी म्हणालो. "आईला ऐकू जाईल."

इथं माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगायला पाहिजे. मला डावं-उजवं पटकन कळत नाही. लहानपणी शाळेत कवायतीला "दाहिने मुड" म्हटलं की अख्खी रांग एकीकडं आणि मी माझ्या पुढच्या पोराच्या छातीकडं तोंड करून. अजूनही मोटरसायकलवर बायको मागं बसते आणि ज्या अंगाला वळायचं त्या खांद्यावर थाप मारते. आम्ही भूमला जाऊन सुखरूप परत येतो ते त्या थापांवर. त्या दिवशी देवळात थाप मारायला कुणी नव्हतं. पण मी काही अगदीच कच्चा नाही. मी गाभाऱ्यात वाकलो, मनातल्या मनात जेवायचा हात हलवून बघितला, हा उजवा, आणि त्या बाजूचं फूल पाण्यानं लावलं. दुसऱ्या बाजूचं पेढ्यानं. सगळं ठरल्याप्रमाणं. बाहेर येऊन मी इतक्या भक्तिभावानं हात जोडले, की आण्णांनी माझ्याकडं जरा संशयानंच बघितलं.

आई पुढं बसली होती, पदर पसरून. आण्णांनी खणखणीत आवाजात प्रश्न घातला, "देवा, ही तुजी लेक पेटी उघडायला जाऊ म्हणती. त्यो जुगार नसंल, तुजा भंडारा मोडत नसंल, तर उजवा दे."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत पाण्यावरचं फूल टपकन खाली पडलं. मी आनंदानं ओरडलो, "उजवा! उजवा दिला!"

आण्णा मान हलवत म्हणाले, "आरं, डावा हाय त्यो."

"डावा कसा? हा काय माझा उजवा हात..."

"तुजा उजवा आसंल," आण्णा म्हणाले. "द्येव तुज्याकडं तोंड करून बसलाय. त्येचा उजवा तिकडं."

तिकडं, म्हणजे पेढ्याच्या बाजूला, ते दुसरं फूल असं घट्ट बसलं होतं, जणू मूर्ती घडवतानाच तिथं कोरलं असावं. मी आयुष्यभर पोरांना आकृतीची बाजू बदलली की कोन बदलतो हे शिकवलं. आणि समोरासमोर बसलेल्याचा उजवा आपला डावा असतो, एवढं मला बिरोबापुढं कळलं नाही.

आई उठली, पदर सावरला, देवापुढं डोकं टेकवलं. घरी येऊन तिनं दोरीवरचं लुगडं काढलं, त्याची घडी घातली, घडीवर हात फिरवला, आणि ते ट्रंकेत ठेवलं. ट्रंकेचं झाकण तिनं आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी हळू लावलं.

"फोन करून सांगून टाक त्यास्नी," ती बायकोला म्हणाली. "म्हातारीला जमत न्हाय म्हणावं. दुसऱ्या कुणाला तरी बोलवतील बिचारे."

बायकोनं फोन केला नाही. कुणाचं तरी तोंड उघडेल म्हणून ती थांबली असावी, आणि ते तोंड माझं असायला हवं होतं. मी त्या संध्याकाळी सगळं सांगायचं म्हणून दोनदा आईपर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा "पाणी पाहिजे का" विचारून परत आलो. देवाला पेढा लावून फसवलं, आणि तेही नीट जमलं नाही, हे आईला कुठल्या शब्दांत सांगायचं हे मला सुचत नव्हतं. नुसतं फसवलं असतं तर सांगता आलं असतं.

पण मला सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा दारात हजर. अंगात बंडी, हातात तांब्या, चेहऱ्यावर असं हसू की ते दाबून दबत नव्हतं.

"वैनी," ते आईला म्हणाले, "बिरोबाला मुंग्या लागल्यात."

"काय लागल्यात?"

"मुंग्या. काल रातच्याला फूल पडलं न्हाय, सकाळी बी पडंना. म्हणलं काय चिमत्कार! गावात सांगावं का, आसं मनात आलं. जवळ जाऊन बघतोय तर मुंग्यांची ही रांग. छातीपस्तोर. फूल काढलं तर खाली पेढा."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं आल्या. वर्गात खडूचा तुकडा कुणी मारला हे मला जसं लगेच कळतं, तसं त्यांना कळलं होतं.

"होकारासाठी लावला हुतास का नकारासाठी?" आण्णांनी विचारलं.

"होकारासाठी," मी म्हणालो.

आण्णा मग मात्र खाली बसले आणि पोट धरून हसले. "आरं, मग द्येवाला तसंच सोडलं आसतंस तर त्येनं दिला बी आसता की रं! तू त्येच्या होकारालाच डिंक लावलास!"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. आई हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे द्येव काय बोललाच न्हाय आजून."

"न्हाय बोलला," आण्णा डोळे पुसत म्हणाले. "पुन्हा लावू. आता म्या लावतो."

"नगं," आई म्हणाली. "येकदा तरास दिला, बास झाला. त्येच्या अंगावर मुंग्या चढवल्या, आता वर आणखी फुलं कुठं लावता." ती उंबऱ्यावर टेकली. "मला येक सांगा. ह्येच्या बापानं घोडी लावली, ती काय त्येची येकट्याची हुती? तिच्यावर माझं बिऱ्हाड हुतं. हे पोर हुतं. त्येनं पत्ता टाकला आन् माझं डोस्कं घोडीच्या जागी गेलं. म्या त्याला जुगार म्हणते. आता म्या तितं जाऊन काय लावणार? माझा येक दिस, आन् माझं लुगडं. भोपळा निघाला तर रडणार कोण?"

"कोणच न्हाय," आण्णा म्हणाले. "भोपळ्याची भाजी हुईल."

"तरी बी," आई म्हणाली, "भंडारा उचललाय. म्हणून निघंल त्ये बिरोबाचं. घरात येणार न्हाय." मग ती माझ्याकडं वळली. "आन् जुगार म्हणशील तर त्यो तू केलास. आपल्या मॅचसाठी माझा खेळ लावलास. मला काय कळत नव्हतं व्हय, मॅच लागलीया म्हणून?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुजं म्हणणं खरं आसंल तर? तू मास्तर हायेस. कदी कदी तुजं खरं आसतंय." तिनं जरा विचार केला. "आजून निघालं न्हाय, पण म्हणलं, आसंल."

खेळाच्या दिवशी आम्ही सगळे धाराशिवला गेलो. आई हिरव्या लुगड्यात, कपाळाला, कुणाला दिसलं नाही तरी आम्हाला दिसत होतं, भंडाऱ्याचं एक बोट. मैदानावर ही गर्दी. लाउडस्पीकर असे लावलेले, की एक शब्द दोनदा ऐकू येत होता आणि दोन्ही वेळा कळत नव्हता. बायकोला पुढं बसायला मिळालं, आई स्टेजवर, मी अगदी मागं, खांबाला धरून.

पेट्या दोनच उरल्या होत्या, एक पिवळी आणि एक लाल. तो दातवाला पोरगा आईला आजी आजी करत होता आणि आई त्याच्या गालावरून हात फिरवत होती. मग त्यानं काहीतरी विचारलं, आईनं काहीतरी सांगितलं, आणि एकदम माइक घेतलेली एक पोरगी गर्दीतून माझ्या दिशेनं येऊ लागली. मी खांब आणखी घट्ट धरला.

"सर, आजी म्हणतायत माझ्या मुलाला विचारा, तो गणिताचा मास्तर आहे. सांगा, पिवळी का लाल?"

पिवळी! माझ्या मनात शंकाच नव्हती. हळदीचा रंग, भंडाऱ्याचा रंग, बिरोबाचा रंग. सगळं कसं जुळून आलं होतं. "पिवळी!" मी माइकमध्ये ओरडलो. तिकडं आईनं मान डोलावली आणि त्या पोराच्या माइकमध्ये काही बोलली. सगळं मैदान हसलं. स्पीकरच्या घुमण्यात मला एक अक्षर लागलं नाही. मला वाटलं, लेकाचं कौतुक केलं असेल. मी हात जोडून लोकांना नमस्कारसुद्धा केला.

लाल पेटी उघडली. आत उभा पंखा निघाला. पिवळीत भोपळा होता. न निवडलेली पेटी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच उघडून दाखवली, आणि ती नेमकी माझीच निघावी.

पंखा आता बिरोबाच्या देवळात आहे. उन्हाळ्यात आण्णा दुपारी त्याच्यापुढं झोपतात आणि देवालाही वारं लागतं असं सांगतात. कौल लावायचा असला की मात्र आधी पंखा बंद करतात, आणि फुलं लावणाऱ्याचे हात धुऊन घेतात. ही नवी रीत गावात माझ्यामुळं पडली.

खेळ टीव्हीवर लागला तेव्हा आमच्या घरात बसायला जागा नव्हती. मॅच त्या दिवशीही होती, मी तिचं नाव काढलं नाही. आई सगळ्यांच्या मधे, स्वतःलाच ओरडून सांगत होती, "लाल घे, लाल!" मी मनात धावा करत होतो, की माझ्या नमस्काराचा तेवढा भाग त्यांनी कापलेला असावा. कापला नव्हता. उलट तो आधी दाखवला, खांबाला धरून दात काढत हात जोडणारा मी. मग पडद्यावर आईचं तोंड आलं, भलंमोठं, जत्रेतल्या पाळण्यातलं, आणि ती त्या पोराला समजावून सांगावं तसं म्हणाली:

"पिवळी म्हणला न्हवं त्यो? मग लाल उघड, बाळा. त्येला समोर बसलेल्या द्येवाचा उजवा हात कळंना, झाकलेल्या पेटीतलं काय कळतंय!"